हर्षलवर जमीन नाही

जानेवारीतल्या एका रविवारी माझ्या पुतणीच्या लग्नाची बोलणी थांबली. मुलाच्या मामांनी लातूरहून फोन करून तसं कळवलं. कारण एकच सांगण्यात आलं: मुलीच्या पत्रिकेत सप्तम स्थानी हर्षल आहे.

हर्षल म्हणजे युरेनस. शाळेच्या पुस्तकात तो युरेनस असतो आणि पत्रिकेत हर्षल. जुन्या पत्रिकांत तो नसे. गावचा जोशी नऊ ग्रह मांडायचा, आणि त्या नवांत हा बसत नव्हता. आता पत्रिका मोबाइलवर निघते आणि तीत तो आपोआप येतो. सप्तम हे लग्नाचं घर. तिथे हर्षल असला की संसार अचानक, कसलीही चाहूल न लागता मोडतो, असं मानणारे मानतात.

फोन माझ्या मोठ्या भावाने घेतला होता. तो जिल्हा परिषदेत आहे. "बरं", "हो" आणि "बघू" एवढंच तो बोलला, फोन चार्जिंगला लावला, आणि आदल्या दिवशी धुतलेली मोटारसायकल पुन्हा धुवायला अंगणात गेला. मी पोचलो तेव्हा तो चाकाच्या तारा एकेक करून पुसत होता. वहिनी दारात उभी होती.

"तुम्ही पेपरात ते भविष्य छापता ना रोज," ती मला म्हणाली. "मग सांगा, हर्षल म्हणजे काय?"

मी सांगितलं ते वर दिलं आहे. तिचं समाधान झालं नाही.

मुलाकडचं सांगायला हवं. मुलगा लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पुतणी तिथेच भौतिकशास्त्र शिकवते. दोघांनी आपापसात ठरवून बराच काळ झाला होता. जात एक निघाल्यामुळे आमच्या घरात वाद झाला नाही. मुलाचे वडील तो लहान असतानाच गेले. आई नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि स्वतः शेती बघते. मुलाला शिकायला तिच्या भावाने लातूरला नेलं, आपल्या घरात ठेवलं, कॉलेजपर्यंत पोचवलं. हे मामा सरकारी कचेरीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. मुलाच्या लग्नाचा शब्द त्यांचा, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पण सगळे तसंच धरून चालत होते.

मुलाने मामांना तोंडावर सांगितलं की तो पत्रिका मानत नाही आणि नोंदणी करून मोकळा होईल. पुतणीने नकार दिला. तिचं म्हणणं तिने मला फोनवर सांगितलं ते असं:

"काकूंनी एकटीनं वाढवलंय त्याला. त्यांना डावलून मी त्या घरात पाय ठेवणार नाही. त्या हो म्हणल्या तर हो. नाही म्हणल्या तर मी पुण्याला जाते."

पुण्याच्या एका संस्थेने तिला नोकरी देऊ केली होती. फेब्रुवारीअखेर कळवायचं होतं. म्हणजे तोवर त्या बाईंचं हो किंवा नाही यायला हवं होतं. त्या बाईंनी मात्र तोवर पुतणीला पाहिलेलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या डेस्कवर एक प्रश्न आला. मी नांदेडला एका दैनिकाच्या आवृत्तीत काम करतो, रविवारचं मुलांचं पान माझ्याकडे असतं. प्रश्न उमरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या सातवीतल्या मुलीचा होता, शिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला: "युरेनस हा फार मोठा आणि थंड ग्रह आहे. तिथे माणूस जगू शकेल का?"

पानाची रीत अशी की उत्तर त्या विषयाच्या माणसाकडून लिहून घ्यायचं आणि आम्ही ते जागेत बसवायचं. भौतिकशास्त्राचे आणि आकाशाचे प्रश्न आधीपासून पुतणीकडे जात. हाही गेला. ती वर्गात असेल असं वाटलं होतं, पण फोन लगेच आला.

"काका, हा तुम्ही मुद्दाम पाठवलात?"

"आला तसा पाठवला."

"खरंच?"

"शाळेचा नंबर देऊ?"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मजकूर आला. तो तिच्या नेहमीच्या मजकुराहून लांब होता. त्यातला मुख्य भाग असा:

"या ग्रहावर उतरायला जमीन नाही. वर ढग, त्याखाली आणखी दाट वायू, त्याखाली दाबाने तापलेला द्रव. पाय टेकेल अशी जागा कुठेही नाही. ढगांच्या वरच्या भागात एक पट्टा असा आहे की तिथला हवेचा दाब पृथ्वीवरच्यासारखा आहे, आणि वजनही जवळपास इथल्याइतकंच, थोडं कमी भरेल. पण तिथली थंडी शून्याखाली दोनशे अंशांच्या घरात जाते, वारे आपल्याकडच्या कुठल्याही वादळापेक्षा जोरात वाहतात आणि हवेत श्वासाला लागणारा ऑक्सिजन नाही. हायड्रोजन आहे, हेलियम आहे, थोडा मिथेन आहे, आणि ढगांत सडक्या अंड्यांचा वास येणारा एक वायू आहे. उघडा माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडेल आणि काही मिनिटांत मरेल. ऊब आणि प्राणवायू बरोबर घेऊन, फुग्याला टांगलेल्या खोलीत राहिला, तर बरोबर नेलेलं पुरेल तेवढे दिवस काढेल. या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला चौऱ्याऐंशी वर्षं लागतात आणि तो आडवा पडून फिरतो, त्यामुळे त्याच्या एकेका ध्रुवावर बेचाळीस वर्षं रात्र असते."

शेवटी तिने एक वाक्य घातलं होतं: "इतक्या दुरून तो पृथ्वीवरच्या कुणाचंही काही बिघडवत नाही." ते मी काढलं. पानाची मांडणी झाली तेव्हा जागा होती, तरी काढलं. तिला कळवलं.

"काका, तेच तर मला सांगायचं होतं."

"म्हणूनच काढलं. त्या मुलीनं ते विचारलेलं नाही."

"तुम्ही माणूस आहात की डेस्क?"

रविवारी उत्तर छापून आलं, खाली पुतणीचं नाव आणि "लातूर".

पुढचे दहा-बारा दिवस भावाच्या घरी कुणालाच बसवत नव्हतं. भाऊ कचेरीतून येताना कारण नसताना लांबचा रस्ता घ्यायचा. वहिनीने माळ्यावरचे डबे काढून घासले आणि परत माळ्यावर ठेवले. टीव्ही लावायची आणि आवाज बंद करायची, फोनची रिंग ऐकू यावी म्हणून. पुतणी तासांच्या मधल्या वेळात फोन करायची, काही विशेष नाही म्हणायची, आणि ठेवायची. एकदा म्हणाली, "मी वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवून राहिले आणि फळ्यावर दोनदा तेच समीकरण लिहिलं. पोरं काहीच बोलली नाहीत. त्यांनाबी कळलं असंल."

"काय कळलं असेल?"

"लातूर केवढंसं आहे, काका?"

मामांना भाऊ एकदा लातूरला जाऊन भेटला. मी बरोबर होतो. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. मामांनी चांगलं स्वागत केलं, स्वतः चहा आणला, आणि फोनवर पुतणीची पत्रिका उघडून दाखवली. त्यांना या विषयाचा नाद निवृत्तीनंतर लागला होता. त्यासाठी ते कुणाकडून काही घेत नसत. भाऊ म्हणाला की यावर काही शांत वगैरे असेल तर करू.

"हर्षलची शांत न्हाई," मामा म्हणाले. "नवग्रहांची असती. ह्यो नवांत कुठं हाय? राहूची करता येती, शनीची करता येती. ह्याला दान न्हाई, मंत्र न्हाई. हे जुन्या लोकांना ठाऊकच न्हवतं तर इलाज कुठून येनार?"

"मग ठाऊक नव्हतं तेव्हा लोकांची लग्नं झालीच की," भाऊ म्हणाला.

"झाली. आन् काही मोडली. तवा कळत न्हवतं कामून मोडली ते." मामांनी फोन खाली ठेवला. "भाऊसाहेब, पोरगी सोन्यासारखी हाय. माझं काही वैर न्हाई. पर मी एकदा चूक केलेली हाय. दुसऱ्यांदा करनार न्हाई."

कसली चूक, हे भावाने विचारलं नाही. परतताना अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तो उतरला, पाण्याची बाटली घेतली, आणि ती न उघडताच नांदेडपर्यंत मांडीवर धरून बसला.

मधल्या काळात काय घडलं ते पुढे मुलाकडून कळलं. त्याच्या आईच्या गावात आमचा पेपर किराणा दुकानात येतो. दुकानदाराने पुड्या बांधायला रविवारची पुरवणी फाडली, त्यात सामान घ्यायला आलेल्या आईला पुतणीचं नाव दिसलं. बाई सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिने ते पान मागून घेतलं, वाचलं, आणि मुलाला फोन केला.

"ही तुझी मॅडम का रे?"

"हाव."

"मला तिला बघायचं हाय."

"मामा नको म्हणून राहिले ना."

"मामानं तिला बगितली. मी कुठं बगितली?"

त्यामुळे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या एका दुपारी ती नायगावहून नांदेडला आमच्या भावाच्या घरी आली. मामाही लातूरहून आले. बहीण जाते आहे म्हटल्यावर त्यांना राहवलं नसावं. मुलगा आला नाही. त्याला आईनेच येऊ नको म्हणून सांगितलं होतं. पुतणी आदल्या दिवशीच आली होती.

बाई उंच, सावळी, कमी बोलणारी. येताना शेतातला ओला हरभरा पिशवीत घेऊन आली आणि ती पिशवी तिने थेट वहिनीच्या हातात दिली. वहिनीने सुशीला केला होता. मुरमुऱ्यांचा सुशीला मुलगी बघायच्या कार्यक्रमाला करावा की पोहे, यावर सकाळी घरात बरीच चर्चा झाली होती. ती इथे नोंदवत नाही.

पुतणी बशा घेऊन आली. बाईने तिला नाव विचारलं नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही. शेजारी बस म्हणाली.

"तू लिवलेलं वाचलं मी. दोनदा वाचलं. त्या तिथं खरंच जमीन न्हाई?"

"नाही, काकू."

"खाली गेलं तरी?"

"खाली गेलं तर फक्त दाब वाढत जातो. माणूस चेपून जाईल."

"जमीनच न्हाई तर सातबारा कशाचा काढता," भाऊ म्हणाला. तो गेल्या तीन आठवड्यांतला त्याचा पहिला विनोद होता. बाई हसली.

"तेवढी तरी तकलीफ न्हाई म्हना," ती म्हणाली. मग पुतणीला: "आन् बेचाळीस वर्सं रात?"

"ध्रुवावर. हो."

"मग बेचाळीस वर्सं दिवस?"

"हो. पण तो दिवस म्हणजे आपल्या संध्याकाळसारखा. सूर्य लांब आहे ना, बारीक दिसतो."

"आन् माणूस फुग्याला लटकून ऱ्हानार."

"त्रिशंकू," मामा म्हणाले.

"त्रिशंकूला निदान कुणी तरी वर धाडलं होतं," बाई म्हणाली. "हितनं दिसतो का गं त्यो?"

"नुसत्या डोळ्यांनी जवळजवळ नाहीच. सध्या कृत्तिकांजवळ आहे. दुर्बीण असली तर हिरवट ठिपका दिसतो."

बाईने बशीतला सुशीला संपवला. बशी खाली ठेवली. मग ती जे बोलली ते मामांकडे बघून.

"अण्णा, जो दिसत न्हाई, जिथं माणूस घडीभर टिकत न्हाई, तो हिच्या पत्रिकेत काय करून राहिला?"

मामांनी आधी टाळलं. असं चारचौघांत नको म्हणाले. बाईने पुन्हा विचारलं. मामा म्हणाले की सप्तमातला हर्षल नवऱ्याला धार्जिणा नसतो.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मी बगितलंय."

"कुठं बगितलंस?"

वहिनीने चहा आणते म्हणून उठायचा प्रयत्न केला. बाईने तिचा हात धरून तिला बसवलं. मामांनी खिशातून फोन काढला, परत खिशात ठेवला.

"तुझ्या लग्नाच्या टायमाला मी पत्रिका जुळवून आनली व्हती," ते म्हणाले. "बत्तीस गुन जुळले. जोशीबुवा म्हनले, डोळे झाकून करा. मी केलं. त्या टायमाला हर्षल कोन बघत होतं? रिटायर झाल्यावर मोबाइलवर तुझी पत्रिका काढली. तवा दिसलं. सप्तमात. आधी बगितलं असतं तर मी तिथं दिलीच नसती तुला."

मुलाचे वडील नरसीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उलटून गेले होते. हे आम्हाला माहीत होतं. ते लग्नानंतर किती थोड्या वर्षांत गेले, हे त्या दिवशी कळलं.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. बाई बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता.

"म्हंजी ते माझ्यापायी गेले."

"तसं न्हाई गं."

"मग कसं? माझ्या पत्रिकेत त्यो, आन् गेले ते. सासूनं म्हनलं नाही मला असं कधी. कुणीच न्हाई म्हनलं. तू म्हनून राहिलास."

"मी तुला दोष देत न्हाई. मी मला देऊन राहिलो." मामांनी चष्मा काढला. "माझ्या हातानं दिलं मी तुला. पोराच्या टायमाला तरी बगून करू दे."

पुतणी उठून आत गेली नाही. वहिनीच्या मते जायला हवं होतं. ती खाली बघत बसून राहिली.

"अण्णा, माझा जलम कवाचा?" बाईने विचारलं.

"भादव्यातला."

"वखत?"

"संध्याकाळचा. सहा."

"सहा कोन म्हनलं?"

"आईच म्हनायची की, गुरं घरी यायच्या वखताला झाली."

"गुरं सहाला येतेत का?"

"सहालाच धरतेत. सगळेच तसं धरतेत. घड्याळ कुनाकडं होतं?"

"आन् आई असंबी म्हनायची का त्या दिशी पाऊस झोडपत होता, गुराख्यानं गुरं कवाच आनून बांधली व्हती. हे तुला म्हनली न्हाई का?"

मामांना हे माहीत होतं की माहीत नव्हतं, याची खात्री करता आलेली नाही. भावाने माझ्याकडे बघितलं. पत्रिकेचं गणित त्या खोलीत मामा आणि पुतणी या दोघांनाच येत होतं. जन्मवेळ दोन तासांनी मागेपुढे झाली की सगळे ग्रह एक घर सरकतात. कधी त्याला अर्धा तासही पुरतो. पुतणीने ते सांगितलं नाही. मामाच शेवटी म्हणाले, "लवकर धरली तर अष्टमात जातो."

"म्हंजी?"

"म्हंजी…" ते थांबले. अष्टम हे मृत्यूचं घर मानतात.

"आन् उशिरा धरली तर?"

"तर षष्ठात. त्यानं काही न्हाई व्हत."

"म्हंजी गुराखी कवा आला त्याच्यावर हाय," बाई म्हणाली. ती उठली. पदर सारखा केला. "चला, मला पाचची गाडी गाठायची. म्हशीचं दूध काढायला कुनी न्हाई घरी."

वहिनीने कुंकू लावलं. वहिनी करंडा घेऊन पुढे झाली तेव्हा बाई क्षणभर मागे सरली होती. विधवांना लावत नाहीत. वहिनी तशीच उभी राहिली. मग बाईने मान पुढे केली. होकार-नकाराचं कुणी काही बोललं नाही. दाराशी ती पुतणीला म्हणाली, "फुग्याला टांगलेली खोली म्हनलीस, ती कुनी बांधलीय का अजून?"

"नाही, काकू. नुसता विचार आहे."

"बरं," ती म्हणाली आणि रिक्षात बसली. मामा दुसऱ्या रिक्षाने गेले.

त्यानंतर पुन्हा काही कळेना. आधीच्या थांबण्यापेक्षा हे वाईट होतं, कारण आता दोन्ही बाजूंनी अर्थ लावता येत होता. भाऊ म्हणायचा, कुंकू लावून घेतलं म्हणजे होच आहे. वहिनी म्हणायची, जाताना तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, हे कुणी बघितलं का? मुलगा एका रविवारी गावाकडे जाऊन आला. आई हरभऱ्याच्या काढणीत होती, दिवसभर रानात. त्याने विषय काढला की ती दुसरंच काही सांगायची: विहिरीचं पाणी, शेजारच्याचा बांध. मामांचा आणि तिचा फोन बंद होता. आधी रोज संध्याकाळी व्हायचा.

पुतणी लातूरला परत गेली होती. तिने पुण्याच्या नोकरीचं होकाराचं पत्र भरून ठेवलं, पाठवलं नाही. मला ती रोज फोन करायची आणि दुसऱ्याच विषयांवर बोलायची.

"काका, ती उमरीची मुलगी परत काही विचारते का?"

"विचारते. नेपच्यूनवर जगता येईल का?"

"तिला सांगा, आणखी थंड आहे."

"तू लिहिणार का?"

"नंतर. आत्ता माझ्याच्यानं होणार नाही." मग थोड्या वेळाने: "काका, त्या सकाळी मी बोलायला पाहिजे होतं का? सांगायला पाहिजे होतं का मामांना, की बारा माणसांतल्या एकाच्या पत्रिकेत तो सप्तमात असतोच?"

"दुपार होती," मी म्हणालो.

"तुम्ही ना काका, खरंच डेस्क आहात."

डेस्कवर मी फोन उलटा ठेवायला लागलो होतो. दर थोड्या वेळाने तो सुलटा करून बघावा लागे, त्यामुळे उपयोग नव्हता. जिल्ह्याच्या बातम्या येत होत्या त्या जात होत्या: धर्माबादला मिरचीची आवक, हळदीचे भाव, बोर्डाच्या परीक्षेची केंद्रं. एका बातमीत मी "युरेनस" लिहिलं, जिथे "युरिया" हवं होतं. ते पानावर जाण्याआधी सापडलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, भावाच्या घरी फोन आला. नंबर नायगावचा होता. वहिनीने घेतला. बोलणं अगदी थोडं झालं. वहिनीने ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि नंतर दोनदा विचारल्यावरही त्यात फरक पडला नाही.

"ताई, पोरीचा एक मापाचा ब्लाउज धाडून द्या. जुना असला तरी चालंल, पर नीट बसनारा पायजे. आमच्या इथला शिंपी लग्नसराईत टाइम देत न्हाई, म्हनून आत्ताच सांगून राहिले."

साखरपुड्याची साडी मुलाकडचे घेतात आणि तिचा ब्लाउज त्यांनीच शिवून आणायचा असतो. त्यासाठी माप आधी मागवतात. वहिनीने फोन ठेवला आणि लगेच पुतणीला लावला. पुतणी तासावर होती. तिने मधल्या सुट्टीत परत फोन केला.

ब्लाउज लातूरला तिच्या खोलीवर होता. मुलाच्या हाती द्यायला वहिनी तयार नव्हती, तसं देत नाहीत. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवावा असं ठरत होतं. त्याची गरज पडली नाही. शुक्रवारी सकाळी मामा स्कूटरवरून औसा रोडला पुतणीच्या खोलीवर आले. आत या म्हटल्यावर आले नाहीत. बाहेरच उभे राहून त्यांनी ब्लाउजची पिशवी मागितली, आत एकदा बघितलं, आणि पाणी प्यायले. ते नायगावला निघाले आहेत, असं त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी संध्याकाळी नायगावहून वहिनीला पुन्हा फोन आला. माप शिंप्याकडे पोचलं होतं.